भिडेवाड्याच्या पुढच्या सावित्रीबाई

रांजणगावहून एसटीने पुण्याला कॉलेजला जाता ना? वाघोली मागे पडते, खराडी येते आणि डाव्या हाताला, नदीपलीकडे मुंढवा. १८९७ च्या प्लेगात याच मुंढव्यातून ६६ वर्षांची एक बाई आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या बाजूला आपल्या मुलाच्या दवाखान्याकडे निघाली. तिलाच प्लेग झाला आणि १० मार्चला ती गेली.

ओळखलंत. सावित्रीबाई फुले!

आपल्याला त्या माहीत असतात शाळेतल्या धड्यापुरत्या. नायगावचा जन्म, १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर फेकलेलं शेण. संपलं. 'गुलामगिरी' म्हटलं की मात्र जोतीरावांचं १८७३ चं पुस्तक आठवतं. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. पण ही लढाई सावित्रीबाईही लढत होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

गुलामी आपल्याकडे परकी नव्हती. पेशवाईत कुणबिणी, बटकी विकल्या जायच्या. कंपनी सरकारने १८४३ मध्ये कायदा केला, तेव्हा सावित्रीबाई १२ वर्षांच्या होत्या. पण कायद्याने जातीची आणि विधवेपणाची बेडी थोडीच तुटते!

१८४९ मध्ये अमेरिकेत हॅरिएट टबमन मालकाच्या तावडीतून पळाली आणि मग परत परत मागे जाऊन इतरांना सोडवत राहिली. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाईंना शाळेपायी सासर सोडावं लागलं. त्याही थांबल्या नाहीत. १८६३ मध्ये फुले दांपत्याने घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गरोदर विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. मुंढव्याहून त्या निघाल्या होत्या, ते याच डॉक्टर मुलाकडे.

१८६८ मध्ये नायगावात एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार मुलगी यांना जमाव मारायला निघाला. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली आणि दोघांचा जीव वाचवला. जोतीराव तेव्हा सोबत नव्हते. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर-ओतूरकडे राबल्या. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं त्यांनीच धरलं. नंतर सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली आणि १८९३ च्या सासवडच्या परिषदेच्या अध्यक्षही त्याच होत्या.

मग त्यांना नुसतं जोतीरावांची पत्नी किंवा पहिली शिक्षिका का म्हणायचं? त्या स्वतः चळवळीच्या नेत्या होत्या.

येत्या ३ जानेवारीला कॉलेजात भाषण करायची वेळ आली, तर शेणाची गोष्ट जरा बाजूला ठेवा. नायगावचा तो जमाव सांगा. आणि असा जमाव आपल्या गावात, आपल्याच नात्यातल्या मुलीच्या दारात उभा राहिला, तर आपण कुठल्या बाजूला असू, हे एकदा स्वतःला विचारा.