एलिझाबेथ ब्लॅकवेलबाई : औषधी वनस्पतींच्या चित्रकर्त्री

एलिझाबेथ ब्लॅकवेल हे नाव ऐकताच पुष्कळ वाचकांस अमेरिकेत १८४९ साली वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवतील. येथे जिची हकीकत सांगावयाची आहे ती बाई त्यांच्या शंभर वर्षे आधीची. नाव मात्र तेच. ही बाई वैद्य नव्हती, तरी वैद्यांस तिच्या कुंचल्याचे मोठे साहाय्य झाले.

तिचा पती अलेक्झांडर हा स्कॉटलंडातील आबर्डीनचा विद्वान गृहस्थ. त्याने लंडन शहरी छापखाना घातला. परंतु त्या धंद्याची रीतसर उमेदवारी केली नसल्यामुळे इतर छापखानेवाल्यांनी हरकत घेतली. त्यास दंड झाला, कर्ज वाढले, आणि ते फिटेना म्हणून तो तुरुंगात पडला. कर्जाचा फास कसा असतो हे आपल्या खेड्यांतील बंधुभगिनींस निराळे सांगणे नको. संसाराचा सर्व भार बाईवर आला. तिजजवळ चित्रकला होती. तीच तिने कामास लाविली.

त्या काळी पुष्कळशी औषधे झाडपाल्याची असत. आपल्याकडील वैदूही जाणतात की, पाने सारखी दिसली तरी गुण सारखे नसतात. ओळखण्यात चूक झाली तर औषधाऐवजी विष पोटात जाते. म्हणून खऱ्या चित्रांच्या ग्रंथाची वैद्यांस गरज होती. लंडनजवळ चेल्सी येथे औषधविक्रेत्यांच्या मंडळाची औषधी वनस्पतींची बाग होती. बाईने तिजजवळच बिऱ्हाड केले. झाड समोर ठेवून ती पान, फूल, फळ व बी यांचे चित्र काढी, ते स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरी, आणि छापलेल्या चित्रांत स्वहस्ते रंग भरी. सर हान्स स्लोन व डॉ. रिचर्ड मीड ह्या नामांकित वैद्यांनी तिला उत्तेजन दिले. वनस्पतींची निरनिराळ्या भाषांतील नावे पतीने पुरविली.

१७३७ पासून १७३९ पर्यंत दर आठवड्यास चार चित्रे प्रसिद्ध होत गेली. अशा रीतीने १२५ आठवड्यांत ५०० चित्रांचा ग्रंथ पुरा झाला. लंडनच्या वैद्यमंडळाने त्याची प्रशंसा केली. त्याच्या उत्पन्नातून पतीची सुटका झाली.

पुढील दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. अलेक्झांडर स्वीडन देशी गेला. तेथे राजद्रोहाच्या आरोपावरून १७४७ साली त्याचा शिरच्छेद झाला. बाई १७५८ साली मरण पावली. तिचे दफन चेल्सी येथेच झाले. तिच्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे निघाली.

पतीचे पुढे काय होईल हे तिच्या हाती नव्हते. आठवड्याची चार चित्रे खरी व वेळेवर देणे हे तिच्या हाती होते, आणि ते तिने शेवटपर्यंत केले. घरच्या संकटातून निघालेले ते काम परक्या रोग्यांच्या उपयोगी पडले.