मध्यस्थ बॅरिस्टर जयकर

मिठाचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. पण भांडणात मधे पडणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. म्हणून मी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांची माहिती लिहिते.

त्यांचा जन्म १८७३ साली झाला. ते विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले व मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले.

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. सरकारने त्यांना पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात ठेवले. मोतीलाल व जवाहरलाल नेहरू तिकडे लांब अलाहाबादजवळ नैनीच्या तुरुंगात होते. मग बोलणार कोण? तेव्हा जयकर आणि सर तेजबहादूर सप्रू पुढे झाले. त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांची परवानगी घेतली. जुलै महिन्यात ते येरवड्याला गेले, गांधीजींचे पत्र घेऊन नैनीला गेले. मग जयकर परत येरवड्याला आले. ऑगस्टमध्ये सरकारने नेहरू पितापुत्रांना खास गाडीने येरवड्याला आणले. तुरुंगातच तीन दिवस बोलणी झाली. पण जमलं नाही. पुढाऱ्यांच्या अटी सरकारला मान्य झाल्या नाहीत. सगळी धावपळ फुकट गेली.

तरी ते घरी बसले नाहीत. १९३१ च्या फेब्रुवारीत गोलमेज परिषदेहून परत आल्यावर जयकर, सप्रू आणि श्रीनिवास शास्त्री गांधीजींना भेटले. मग गांधीजी दिल्लीला आयर्विनसाहेबांकडे गेले. ५ मार्च १९३१ रोजी करार झाला. हजारो सत्याग्रही सुटून घरी आले. समुद्रकाठच्या गावांना आपल्यापुरतं मीठ करायला मोकळीक मिळाली.

तो करार वर्षभरही टिकला नाही. १९३२ साली पुन्हा धरपकड झाली. पण तेवढे दिवस तरी माणसं घरी होती ना!

पुढे जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. १९५९ साली ते वारले.

मला जयकर आवडतात, कारण आमच्या घरी निरोप मीच नेते. बाबा आणि काका बांधावरून दोन वर्षं बोलत नाहीत. बाबांना वाटतं मी काकांच्या बाजूची, काकांना वाटतं मी बाबांच्या बाजूची. दिवाळीला मी दोघांना एका पंगतीला बसायला सांगून बघितलं. जमलं नाही. मी रडले होते.

आता पालकसभेला दोघंही शाळेत येणार आहेत. म्हणून मी हे मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी