डॉक्टरांनी गाणं बंद केलं आणि त्या शांततेत कुमार गंधर्व घडले

दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी २००५ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'हंस अकेला' हा माहितीपट केला. विषय होता पंडित कुमार गंधर्व. शास्त्रीय संगीताशी फारसा संबंध नसलेला माणूस तो पाहतो, तेव्हा त्याला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो एका गोष्टीचा. हा माणूस एकाच फुफ्फुसाच्या जोरावर गात होता.

मग साहजिकच वाटतं, की ते मध्येच थांबणं, सूर लावून सोडून देणं, छोट्या छोट्या ताना, हे सगळं आजारामुळेच आलं असणार. श्वास पुरेना म्हणून काढलेली वाट.

ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी समजून घ्यायची तर थेट बेळगावजवळच्या सुळेभावी गावात जावं लागतं.

८ एप्रिल १९२४ रोजी तिथल्या एका कन्नडभाषिक लिंगायत कुटुंबात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. वडील स्वतः गायचे. पोराला कुणी समोर बसवून फारसं शिकवलं नव्हतं, पण मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकायच्या आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या, हे त्याला सहज जमायचं. वय जेमतेम सहा-सात वर्षांचं. एका मठाच्या स्वामींनी हे गाणं ऐकलं आणि त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पुढे जगाला तेच नाव माहीत झालं.

बालकलाकार म्हणून त्यांचं नाव गाजू लागलं. पण नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती नक्कलच. वडिलांनी त्यांना मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे ठेवलं. देवधर मास्तरांचं वैशिष्ट्य म्हणजे ते एकाच घराण्याला धरून बसणारे नव्हते. त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे उस्ताद यायचे, गायचे. कुमारांनी ते सगळं ऐकलं. अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना मार्गदर्शन मिळालं.

विशीत आले तेव्हा कुमारांचं नाव देशभर झालं होतं. १९४७ मध्ये देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सगळं सुरळीत चाललेलं असताना निदान झालं, क्षय.

तो काळ लक्षात घ्या. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं होतं, पण भारतात ते सहज मिळत नव्हतं. कोरड्या हवेत राहा आणि विश्रांती घ्या, एवढाच काय तो इलाज. म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे जोडपं माळव्यातल्या देवासला गेलं. डॉक्टरांनी गाण्याला पूर्ण बंदी घातली होती. ज्याचं सगळं आयुष्य गळ्यावर उभं होतं, तो तेविशीत मुका झाला.

या काळात घर कुणी चालवलं? भानुमतींनी. त्या स्वतः गायिका होत्या. त्यांनी शाळेत नोकरी धरली, नवऱ्याची शुश्रूषा केली आणि स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं. कुमारांचं कौतुक करताना हा भाग बऱ्याचदा राहून जातो.

आणि कुमार? ते अंथरुणावर पडून ऐकत होते. पाखरं, रस्त्यावरची हाक, बायकांची लग्नातली आणि सणातली गाणी, दारावरून गात जाणारे नाथपंथी जोगी. माळव्यातली ही लोकगीतं त्यांनी मनात साठवली आणि पुढे गोळाही केली. हळूहळू एक विचार पक्का होत गेला. राग आधी ग्रंथात जन्मला नाही, तो लोकांच्या धुनेतून आला. मग ज्या धुनांमधून अजून राग बाहेर काढलेला नाही, त्यातून तो आपण का काढू नये?

पुढे औषध मिळालं, जीव वाचला. एक फुफ्फुस मात्र कायमचं निकामी झालं. १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफिलीत बसले, तेव्हा लोकांनी वेगळाच गायक ऐकला. धुनांवरून त्यांनी नवे राग बांधले आणि त्यांना 'धुनउगम राग' असं नाव दिलं. लगनगंधार, मधसुरजा ही त्यातली काही नावं. १९६५ मध्ये त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ आला.

जुन्या वळणाच्या जाणकारांना हे रुचलं नाही. घराणं कुठलं, विलंबित ख्याल असा का, लोकगीत आणि बालगंधर्वांची पदं शास्त्रीय गायकाने का गावीत, असे आक्षेप आले. कुमारांनी घराण्याचा शिक्का लावून घेतला नाही तो नाहीच. पु. ल. देशपांडे आणि नागपुरात वाढलेले वसंतराव देशपांडे हे त्यांचे जिवलग मित्र.

आता पुन्हा त्या अर्ध्या गोष्टीकडे येऊ. आजाराने त्यांचा दम कमी केला, हे खरंच. पण फक्त दमाचा प्रश्न असता तर ते जपून, हळू गायले असते. प्रत्यक्षात त्यांची कबीराची निर्गुणी भजनं ऐका. सूर एकदम उंच, मोकळा फेकलेला, जोग्याने माळावरून साद घालावी तसा. आणि त्यानंतर शांतता. ही शांतता त्यांनी गाण्यातच धरली होती. पाच-सहा वर्षं तिच्यात राहिल्यावर तिचं मोल त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

१९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात भानुमती गेल्या. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचं लग्न झालं आणि त्या मैफिलीतही त्यांच्या साथीला बसू लागल्या. देवासच्या टेकडीजवळच्या त्यांच्या घराचं नाव मात्र 'भानुकुल' हेच आहे. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी कुमार गेले, तेही देवासलाच. बरं झाल्यावरही ते मुंबईत राहायला परतले नव्हते.

पुण्यातल्या सभागृहात बसा किंवा पारशिवनीत घरच्या अंगणात मोबाइल लावा, एक प्रयोग करून बघा. आधी त्यांची लहानपणीची एखादी ध्वनिमुद्रिका ऐका आणि लगेच नंतर एखादं निर्गुणी भजन. पहिल्यात दुसऱ्या गवयांचे आवाज ओळखू येतील. दुसऱ्यात फक्त कुमार गंधर्व.