बेथेलचे रेव्हरंड नारायण शेषाद्री

जालना शहराच्या आसमंतात एकोणिसाव्या शतकात एक लहानशी वसाहत वसली व तिला बेथेल हे नाव मिळाले. हा शब्द मराठी नव्हे, उर्दूही नव्हे. तो इब्री भाषेतील असून त्याचा अर्थ देवाचे घर असा होतो. पवित्र शास्त्रातील याकोब घरदार सोडून एकटाच निघाला असता एके रात्री उशाला दगड घेऊन उघड्यावर निजला, आणि सकाळी उठून त्याने त्या जागेस हे नाव दिले. त्या प्रसंगी त्याने देवाजवळ काय मागितले हे आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. राज्य मागितले नाही, कीर्तीही मागितली नाही. खावयास अन्न, ल्यावयास वस्त्र, वाटेत सांभाळ आणि बापाच्या घरी सुखरूप परत येणे, एवढ्याच चार गोष्टी त्याने मागितल्या, व जे मिळेल त्याचा दहावा भाग परत देण्याचा नवस केला. आमच्या घरी या चारही गोष्टी रोज असतात, म्हणूनच त्या मागाव्या असे आम्हांस कधी सुचत नाही. बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी यांपैकी शेवटची गोष्ट तरुणपणीच गमावली होती.

नारायणरावांचा जन्म दक्षिणेतील एका ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांनी चालविलेल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, आणि सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी या पावलाचा अर्थ काय होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. जातीतून जाणे म्हणजे आईच्या हातचे जेवण, वडिलांच्या शेजारचा पाट, सणावारी भावंडांचा गलबला, हे सारे एका दिवसात बंद होणे.

इतक्यावर गोष्ट थांबली नाही. धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, तोही थोरल्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. परंतु श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला होता; त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून साऱ्या मुंबईत वाद माजला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाची बाजू उचलून धरली आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. एका बालकाने पोटभर खाल्लेले अन्न हा शहराच्या भांडणाचा विषय झाला! आम्ही ख्रिस्ती आहो. नारायणरावांचा निर्णय आम्हांस पूज्य वाटतो. तथापि त्या मातापित्यांच्या दुःखाकडे डोळेझाक करून त्यांचे चरित्र सांगावे, हे आम्हांस उचित वाटत नाही. त्या घरात दोन्ही बाजूंनी काहीतरी तुटले होते.

१८५४ साली नारायणरावांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. पुढे सुमारे १८६३ पासून त्यांचे कार्यक्षेत्र जालना झाले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते व येथे फौजेची छावणी होती. आगगाडी आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. शेवटची मजल बैलगाडीने किंवा घोड्यावरच गाठावी लागे. मुंबईतील विद्वान मंडळींत शोभून दिसणारा हा गृहस्थ या कोरड्या मुलखात आला, आणि त्याचे म्हणणे ऐकले कोणी? गावकुसाबाहेरच्या लोकांनी, विशेषतः ज्यांना आज आपण मातंग समाज म्हणतो त्यांनी.

या लोकांची त्या काळची स्थिती मुलांनी समजून घ्यावी. दोर वळावे, केरसुण्या बांधाव्या, लग्नकार्यात वाद्ये वाजवावी, आणि खळ्यावर बलुत्याचे जे धान्य पदरात पडेल त्यावर वर्ष काढावे. गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा सोडता येत नसे. कोणी वरून ओतील तेव्हा ओंजळ धरावी. पाणी हे देवाचे दान खरे, पण त्या दानाच्या आड माणूस उभा होता. २०१२-१३ च्या अवर्षणात जालना शहर टँकरची वाट पाहत बसले होते, ते दिवस पालकांच्या स्मरणात असतील. रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभे राहणे काय असते हे त्या वर्षी आपणांस कळले. गावकुसाबाहेर मात्र पाऊस चांगला झाला तरीही हीच रांग होती, आणि ती पिढ्यान् पिढ्या होती.

नारायणरावांनी ओळखले की, ज्यांचा घास व घोट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्यांना नुसता उपदेश पुरणार नाही. त्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन पाहिजे. त्यांनी निजामाच्या सरकारकडे जमीन मागितली. दिवाण होते पहिले सालारजंग, ज्यांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत राज्याचा कारभार पाहिला. त्यांच्या सरकारने जालन्याजवळ जमीन दिली व पहिली काही वर्षे साऱ्याचीही सूट दिली. जन्माने ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाळकाने मागावे, मुसलमान दिवाणाने द्यावे, आणि मातंगांनी कसावे! देव आपली दाने कोणाच्या हातून पाठवील याचा नेम नाही, असे आम्हांस हा प्रसंग वाचताना नेहमी वाटते. त्या जागी घरे उठली, विहिरी झाल्या, शाळा व प्रार्थनामंदिर झाले. आपल्या विहिरीचा पोहरा आपल्या हाताने ओढणारी ती तेथील पहिली पिढी.

वसाहत उभारणे पैशावाचून होत नाही. १८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अनेक देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरली. तिला नारायणराव गेले. अंगरखा, डोक्यास शुभ्र पागोटे, असा आपला देशी पोषाख त्यांनी तेथेही सोडला नाही, आणि ते अस्खलित इंग्रजीत बोलू लागले तेव्हा श्रोते थक्क झाले. जालन्यासारख्या गावचे नाव त्या लोकांनी पूर्वी कशाला ऐकले असेल! आमच्या मते त्यांच्या पागोट्याचे जेवढे कौतुक झाले तेवढे त्यांच्या चिकाटीचे झाले नाही. त्या सभांत टाळ्या घेऊन त्यांना विलायतेत सुखाने राहता आले असते. ते परत आले ते बेथेलच्याच कामावर.

उतारवयातही त्यांनी असे दूरदेशीचे प्रवास केले. १८९१ साली अशाच एका प्रवासात, आगबोटीवर, भर समुद्रात त्यांचे देहावसान झाले. बेथेलात त्यांनी लावून दिलेला क्रम चालू राहिला: रविवारी उपासना, आठवडाभर शाळा, आणि मृग निघाला की औतांना बैल जुंपणे.