रॉबर्ट ब्रूस फूट आणि पल्लावरमचा दगड

पावसाळा सरला कीं आमच्या शाळेंतील मुलांचे खिसे फाटूं लागतात. नदीकांठच्या गारगोट्या, शंखशिंपले, चकाकणारे खडे असा नाना प्रकारचा ऐवज त्यांत भरलेला असतो. घरीं गेल्यावर आई तो उंबऱ्याबाहेर फेंकून देते आणि खिसा शिवीत बसते. आम्हीही वर्गांत अशा दगडांवरून कित्येकांस रागें भरलों आहों. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों, त्यानें असाच एक दगड उचलला, तो फेंकून दिला नाहीं, आणि त्यामुळें हिंदुस्थानच्या इतिहासाचा आरंभ लाखों वर्षें मागें गेला. तेव्हां मातांनीं व गुरुजनांनींही हें चरित्र लक्षपूर्वक वाचावें, अशी आमची विनंती आहे.

रॉबर्ट ब्रूस फूट यांचा जन्म इंग्लंडांतील चेल्टनहॅम या गांवीं इ. स. १८३४ मध्यें झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षीं, म्हणजे १८५८ मध्यें, ते हिंदुस्थान सरकारच्या भूस्तर-पाहणी खात्यांत नोकरीस लागले व त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यांत झाली. तमिळ भाषेचे व्यासंगी मिशनरी पीटर पर्सिव्हल यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. काम मोठें कष्टाचें होतें. तंबू घेऊन गांवोगांव हिंडावें, नद्यांच्या दरडी, विहिरींचे व खाणींचे कापलेले कांठ पाहावे, कोणता खडक कोठें संपतो व कोठें सुरू होतो तें नकाशावर आंखावें, असा हा उद्योग असे.

या उद्योगांत अश्मीभूत अवशेषांचें महत्त्व फार. चिखलांत पुरलेलीं पानें, शिंपले किंवा हाडें युगानुयुगें दगडासारखीं होऊन थरांत राहतात. कोणत्या थरांत कोणत्या प्राण्याचे अवशेष आहेत हें कळलें म्हणजे त्या थराचें वय ठरवितां येतें. मद्रासजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या परिसरांतील खडकांत प्राचीन वनस्पतींचे सुरेख ठसे मिळतात. त्या मुलखाची पाहणी फूटसाहेबांकडे असल्यामुळें त्यांची नजर रात्रंदिवस दगडांवरील खुणा टिपण्यास सरावलेली होती.

त्याच सुमारास युरोपांत एका नव्या वादाचा निकाल लागला होता. फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यांत, नामशेष झालेल्या हत्तींच्या हाडांबरोबर माणसानें घडविलेलीं दगडी हत्यारें मिळतात, असें बूशे द पेर्त नांवाचे गृहस्थ पुष्कळ वर्षें सांगत होते; परंतु त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवीत नसे. १८५९ मध्यें इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञांनीं ती जागा प्रत्यक्ष पाहून त्यांचें म्हणणें मान्य केलें. ही वार्ता फूटसाहेबांच्या मनांत घर करून राहिली होती.

दिनांक ३० मे १८६३ रोजीं ते मद्रासच्या दक्षिणेस पल्लावरम येथें होते. तेथील लष्करी मैदानाजवळ जांभ्या दगडाच्या मुरमाचा एक खड्डा खणलेला होता. त्यांतून बाहेर टाकलेल्या खडीच्या ढिगांत त्यांस एक दगड दिसला. तो क्वार्टझाइट नांवाच्या अत्यंत कठीण खडकाचा होता. पाण्यानें वाहत आलेला दगड गोल व गुळगुळीत होतो. उंचावरून पडून फुटलेला दगड वांकडातिकडा फुटतो. येथें मात्र कपच्या एका हेतूनें काढून धार आणलेली दिसत होती. असे घाव निसर्ग घालीत नाहीं; ते घालण्यास हात लागतो, आणि हाताच्या मागें मन लागतें.

त्या खड्ड्यापाशीं कामकऱ्यांची, शिपायांची ये-जा असणारच. ढिगांतला तो दगड त्यांच्या दृष्टीनें खडीच होता. फूटसाहेबांस मात्र तो दगड बोलका वाटला. तथापि एका दगडावर एवढें मोठें विधान कसें करावें? तो योगायोग असूं शकेल, ही शंका शास्त्रज्ञानें स्वतःच आधीं घ्यावयाची असते. म्हणून ते शोध करीत राहिले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत आपले सहकारी विल्यम किंग यांसह ते मद्रासच्या वायव्येस अत्तिरंपाक्कम या खेड्याजवळ गेले. तेथें ओढ्याच्या घळींत तशाच घडणीचीं हत्यारें विपुल मिळालीं. आतां शंकेला जागा उरली नाहीं. हिंदुस्थानांतील पुराणाश्मयुगीन मानवाचा हा पहिला निश्चित पुरावा होय. १८६६ मध्यें त्यांनीं या हत्यारांची सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली.

पुढें त्यांची पाहणी दक्षिण महाराष्ट्र म्हणून त्या वेळीं ओळखल्या जाणाऱ्या मुलखांत चालली. बेळगांव जिल्ह्यांत गोकाकजवळ चिकदौली येथें त्यांस एका नामशेष गेंड्याचे अश्मीभूत अवशेष मिळाले. १८७४ मध्यें त्यांनीं त्या जातीस दख्खनचेंच नांव दिलें. ज्या मुलखांत आज गेंडा औषधालाही मिळावयाचा नाहीं, तेथें तो एके काळीं चरत होता! मलप्रभेच्या खोऱ्यांतही त्यांस दगडी हत्यारें सांपडलीं. गोदाकांठींही असेंच घडलें होतें. त्यांच्याच खात्यांतील वाइन या अधिकाऱ्यांस १८६५ मध्यें पैठणजवळ मुंगी येथें, जनावरांचीं जुनीं हाडें असलेल्या थरांत, माणसानें काढलेली अकीक दगडाची एक कपची मिळाली होती.

बल्लारीच्या बाजूस राखेचे मोठमोठे ढिगारे आहेत. त्यांतील हंपीजवळचा ढिगारा म्हणजे वालीच्या चितेची राख, असें लोक सांगत. फूटसाहेबांनीं अशा ढिगाऱ्यांची बारकाईनें तपासणी केली व ही जळालेल्या शेणाची राख आहे, असा निर्णय दिला. विसाव्या शतकांतील उत्खननांनीं तो खरा ठरविला. नवाश्मयुगीन गुराख्यांचे ते गोठे होते.

१८८४-८५ मध्यें कर्नूल जिल्ह्यांतील बिल्ला सुर्गम येथील गुहांत त्यांनीं प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांचा शोध आरंभिला. खोदण्याचें बरेंचसें काम त्यांचे सैन्यांत असलेले पुत्र हेन्री यांनीं केलें. गेंड्यासहित अनेक जनावरांचीं हाडें निघालीं. आणि त्यांतच घांसून, तासून टोंक काढलेलीं कांहीं हाडें दिसलीं. हीं माणसाचीं हत्यारें होत, असें पितापुत्रांचें मत पडलें. परंतु त्यांच्या जोडीला दगडी हत्यार मिळालें नाहीं. त्यामुळें पुढील विद्वानांस दीर्घकाळ शंका वाटत राहिली. १९७० नंतरच्या दशकांत एम. एल. के. मूर्ती यांनीं त्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या एका गुहेंत उत्खनन केलें, तेव्हां दगडाचीं व हाडांचीं हत्यारें एकत्र मिळालीं, आणि फूटसाहेबांच्या म्हणण्यास बळकटी आली. तोंवर त्यांस जाऊन साठ वर्षें होत आलीं होतीं.

१८९१ मध्यें ते सेवानिवृत्त झाले. पण हातोडी खालीं ठेविली नाहीं. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदें संस्थानांत त्यांनीं भूस्तरांची पाहणी केली व साबरमतीच्या कांठीं पुराणाश्मयुगीन हत्यारें शोधून काढलीं. त्याच मागावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील डॉ. हसमुख सांकलिया १९४१ मध्यें गुजराथेंत गेले. नंतर फूटसाहेबांनीं म्हैसूर संस्थानचें भूस्तर-खातें उभारून दिलें. सुमारें चाळीस वर्षांत ४५० हून अधिक ठिकाणांहून जमविलेला त्यांचा संग्रह १९०४ मध्यें मद्रासच्या वस्तुसंग्रहालयानें विकत घेतला. १९१२ च्या डिसेंबरांत कलकत्ता येथें त्यांचें देहावसान झालें. त्या संग्रहाची त्यांनीं लिहिलेली सूची त्यांच्या पश्चात् १९१४ व १९१६ मध्यें छापून निघाली. भारतीय प्रागितिहासाचे जनक म्हणून त्यांचें नांव आज आदरानें घेतलें जातें.

आपण उचललेला दगड किती जुना, हें फूटसाहेबांस वर्षांच्या आंकड्यांत सांगतां येण्याजोगें नव्हतें. तशीं साधनें तेव्हां नव्हतीं. अत्तिरंपाक्कम येथें अलीकडे पुन्हा शास्त्रशुद्ध उत्खनन झालें आणि २०११ मध्यें तेथील अत्यंत जुन्या हत्यारांचें वय सुमारें १५ लक्ष वर्षें असल्याचें प्रसिद्ध झालें. दीडशें वर्षांनीं संशोधक नेमके त्याच घळीपाशीं जाऊं शकले, तें कशामुळें? फूटसाहेबांनीं वस्तूबरोबर तिचें ठिकाणही लिहून ठेविलें होतें, म्हणून. ठिकाण हरवलेली वस्तु मुकी होते. मग ती कितीही सुंदर असो, तिला कांहीं सांगतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, शोधावयास निघालों एक आणि सांपडलें दुसरेंच, असा प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यांत येतो. बहुतेक जण तें दुसरें फेंकून देतात. फूटसाहेबांनीं तें हातांत घेतलें, त्यावर शंका घेतली, पुन्हा शोधलें आणि लिहून ठेविलें. तुम्हांसही डोंगरावर किंवा नदीकांठीं कांहीं निराळें आढळलें, तर जागा उकरूं नका. ठिकाण व तारीख वहींत टिपा आणि आपल्या शिक्षकांस दाखवा. आम्ही यापुढें तुमचे खिसे पाहून एकदम रागावणार नाहीं. पण दगड कोठें मिळाला, हें मात्र अवश्य विचारूं.