श्वासाचा जमाखर्च मांडणारा लाव्हाझिए

फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटत होती त्याच सुमारास, १७८९-९० मध्ये, पॅरिसच्या आर्सेनाल या सरकारी दारूगोळ्याच्या वास्तूत एक शांत प्रयोग चालू होता. आर्मां सेगँ नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ खुर्चीवर बसलेला असे. तोंडावर घट्ट मुखवटा, त्यातून निघालेली नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मोजून भरलेला प्राणवायू. कोणी त्याची नाडी बघत असे, तर बाजूच्या टेबलाशी बसलेली एक स्त्री आकडे टिपून घेत असे. सेगँ आधी नुसता बसून राही. नंतर तसेच बसून पायाने पेडल दाबत एक वजन वर उचलत राही. दोन्ही वेळा त्याने किती प्राणवायू खर्च केला, एवढेच पाहायचे होते. हा प्रयोग मांडणारे होते आधुनिक रसायनशास्त्राचे जनक आंत्वान लाव्हाझिए. टेबलाशी बसलेली स्त्री म्हणजे त्यांची पत्नी मारी-आन. या प्रयोगांची तिने काढलेली चित्रे आजही उपलब्ध आहेत.

मोबाइलवर कॅलरींचा हिशेब ठेवणाऱ्या अनेकांना आज एक प्रश्न पडतो. दिवसभर संगणकावर टंकलेखन केले, दोन तास गाडी चालवली, बैठकीत डोके पिकवले, तर हे सगळे ‘व्यायाम’ या रकान्यात लिहायचे का? काही ॲपमध्ये तशी सोयही असते. या प्रश्नाचे उत्तर मोजून काढायची पद्धत लाव्हाझिए यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी घालून दिली.

२६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमधील एका सुखवस्तू वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते कायदा शिकले, पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मन रमले विज्ञानात. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १७६८ मध्ये, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवडून आले. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी पुढे त्यांच्या जिवावर बेतली. राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी मक्तेदारांच्या कंपनीत त्यांनी भागीदारी घेतली. मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचा कर ही मंडळी वसूल करीत आणि लोक त्यांचा मनापासून द्वेष करीत.

१७७१ मध्ये याच कंपनीतील एका वरिष्ठ भागीदाराच्या मुलीशी, मारी-आन पोल्झ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ते अठ्ठावीस वर्षांचे, ती तेरा वर्षांची. त्या काळातही हे वय कमीच होते. पण या मुलीने पुढे जे केले ते पाहण्यासारखे आहे. नवऱ्याला इंग्रजी येत नव्हते म्हणून ती इंग्रजी शिकली आणि तिकडचे रसायनशास्त्रातले लिखाण त्यांना भाषांतर करून देऊ लागली. चित्रकला शिकली आणि प्रयोगांच्या उपकरणांची नेमकी चित्रे काढू लागली. प्रयोगशाळेच्या वह्यांमध्ये तिचे अक्षर जागोजागी दिसते.

१७७५ पासून लाव्हाझिए सरकारच्या बंदुकीच्या दारूच्या कारभाराचे एक प्रमुख झाले आणि आर्सेनालमध्ये राहायला आले. सकाळी सहा ते नऊ विज्ञान, दिवसभर कचेरीचे काम, संध्याकाळी सात ते दहा पुन्हा विज्ञान, आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस फक्त प्रयोग, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणजे हा माणूस स्वतः बैठ्या कामाचाच होता. कचेरीत जमाखर्च पाहायचा आणि प्रयोगशाळेत तराजू. दोन्हीकडे दृष्टी एकच होती. जेवढे आत गेले तेवढे कुठे ना कुठे निघालेच पाहिजे. ताळा जुळला नाही, तर काहीतरी मोजायचे राहिले आहे.

याच दृष्टीने त्यांनी ज्वलनाचा छडा लावला. पदार्थ जळतो तेव्हा त्यातून काही निघून जात नसून हवेतला एक वायू त्याला येऊन मिळतो, हे त्यांनी वजने करून दाखवले आणि त्या वायूला ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. मग त्यांचे लक्ष श्वासाकडे वळले. प्राणी हवेतला तोच वायू घेतो आणि कोळसा जळताना निघतो तोच वायू बाहेर टाकतो. मग शरीरातही संथ ज्वलनच चालू असेल का?

१७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी गणितज्ञ लाप्लास यांच्यासह एक पात्र बनवले. आतल्या कप्प्यात एक गिनीपिग, त्याच्याभोवती बर्फ आणि बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून सभोवती बर्फाचाच आणखी एक थर. दहा तासांत त्या जिवाच्या अंगच्या उबेने सुमारे १३ औंस बर्फ वितळले. दुसरीकडे त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि तेवढाच वायू कोळसा जाळून निघाला तर किती बर्फ वितळेल ते काढले. ते थोडे कमी भरले, पण दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ होते. शरीराची ऊब जळणातूनच येते, याचा हा पहिला मोजलेला पुरावा. या उपकरणाला त्यांनी पुढे ‘कॅलरीमीटर’ हे नाव दिले. ‘कॅलरी’ हा शब्द रूढ व्हायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

सेगँवरचे प्रयोग ही याच्या पुढची पायरी. त्यांचे आकडे आजच्या लिटरमध्ये मांडले तर असे दिसतात. उपाशीपोटी, उबदार खोलीत स्वस्थ बसला असता सेगँला तासाला सुमारे २४ लिटर प्राणवायू लागला. थंड खोलीत तसेच बसल्यावर २६.७ लिटर. जेवण झाल्यावर, अन्न पचत असताना, ३७.७ लिटर. उपाशीपोटी काम करताना, म्हणजे सुमारे ७.३ किलोचे वजन पंधरा मिनिटांत पुन:पुन्हा उचलून एकूण सुमारे २०० मीटर उंचीइतके चढवताना, तासाला ६३.५ लिटर या वेगाने. आणि जेवून तेच काम केले, तेव्हा ९१ लिटर. आजच्या मापाने हे आकडे जास्त भरतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढाला तासाला साधारण १५ लिटर प्राणवायू पुरतो. पण आकड्यांची चढती भाजणी बरोबर होती आणि ती आजही तशीच मानली जाते.

या यादीतला पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. माणूस काहीही करत नसला तरी जळण चालूच असते. हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडे यांचे काम थांबत नाही. कामासाठी लागलेला खर्च काढायचा, तर कामाच्या आकड्यातून हा बसल्या जागेचा आकडा वजा करावा लागतो. कॅलरी मोजणाऱ्यांची नेमकी इथेच गफलत होते.

हिशेब करून पाहू. ७० किलो वजनाची व्यक्ती स्वस्थ बसली तर तासाला साधारण ७० कॅलरी खर्च होतात. टंकलेखन करताना हा खर्च फार तर ९० पर्यंत जातो. आठ तासांचे झाले ७२०. हा आकडा ‘व्यायाम’ म्हणून लिहिला, की तेवढे जास्त खायला मोकळीक मिळाली असे वाटते, आणि ७२० कॅलरी म्हणजे एक भरपेट जेवण. पण त्यातल्या ५६० कॅलरी नुसते बसूनही जाणारच होत्या. उरल्या १६०. त्याही ॲपने सुरुवातीला ‘तुमचे काम बैठे आहे का’ असे विचारून दिवसाच्या गरजेत आधीच धरलेल्या असतात. म्हणजे खात्यात एकच रक्कम दोनदा जमा झाली. महिनोन्‌महिने नोंदी ठेवूनही वजनाचा काटा हलत नाही, मग मधुमेहाचा रुग्ण निराश होऊन सगळेच सोडून देतो. अशा वेळी त्याच्या चिकाटीला दोष दिला जातो. खरे तर आधी वही तपासायला हवी. वजाबाकीचा हाच नियम खऱ्या व्यायामालाही लागू आहे. तासभर झपाझप चालून २८० कॅलरी खर्च झाल्या असे घड्याळ सांगते, तेव्हा त्यातही ७० बसल्या जागेच्या असतात.

सेगँचा जेवणानंतरचा आकडा या दृष्टीने मोठा गमतीचा आहे. जेवल्यावर त्याचा खर्च खुर्चीतून न उठता वाढला. अन्न पचवायलाही ऊर्जा लागते. आजच्या मोजमापाप्रमाणे ती खाल्लेल्या अन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. बसल्या बसल्या होणारा प्रत्येक खर्च व्यायामात धरायचा म्हटला, तर जेवणे हाही व्यायाम ठरेल!

लाव्हाझिए आणि सेगँ यांनी नाडीचीही नोंद ठेवली. जेवढे वजन आणि जेवढी उंची, त्या प्रमाणात नाडी आणि श्वास वाढतात असे त्यांना दिसले. मनगटावरची घड्याळे आज याच नात्यावर अंदाज बांधतात. मात्र चुरशीचा क्रिकेट सामना बघताना किंवा वाहतूक कोंडीत चिडचिड होतानाही नाडी वाढते. तेव्हा स्नायू काम करत नसतात, त्यामुळे प्राणवायूचा खर्च नाडीच्या मानाने फारसा वाढत नाही. केवळ नाडीवरून काढलेला कॅलरीचा आकडा अशा वेळी फसवा असतो.

बैठ्या कामाचा प्रश्न लाव्हाझिए यांना स्वतःलाही पडला होता. १७८९ मध्ये अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी अशी कल्पना मांडली, की भाषण करणारा किंवा वाद्य वाजवणारा माणूस किती वजन उचलण्याइतके श्रम करतो, हे या पद्धतीने काढता येईल. विचार करणारा तत्त्वज्ञ, लिहिणारा लेखक, संगीत रचणारा संगीतकार यांच्या कामात शारीरिक भाग किती, हेही मोजता येईल. डोक्याच्या आणि हातांच्या श्रमांना भाषेत ‘काम’ हा एकच शब्द आहे, हे त्यांना उगाच वाटत नव्हते.

त्याच निबंधात ते एका अवघड जागी येऊन पोहोचले. कष्टकऱ्याचे जळण जास्त, म्हणून त्याला अन्नही जास्त लागते. मग ज्याला कमी लागते त्या श्रीमंताकडे रेलचेल आणि ज्याला जास्त लागते त्याच्याकडे टंचाई, असे का? याचा दोष निसर्गाला न देता समाजाची व्यवस्था सुधारावी, मजुराची कमाई वाढावी, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. करवसुलीतून गब्बर झालेल्या माणसाने हे लिहिले, हा विरोधाभास डोळ्याआड करता येत नाही. पण श्वास मोजता मोजता मजुरीच्या दरापर्यंत पोहोचलेला दुसरा शास्त्रज्ञ शोधावा लागेल.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. ज्वलन फुप्फुसांत होते असे त्यांनी मानले. प्रत्यक्षात ते प्रत्येक पेशीत होते. उष्णतेला त्यांनी एक मूलद्रव्यच समजून यादीत बसवले होते.

पुढची मोजमापे करायला त्यांना वेळ मिळाला नाही. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बरखास्त झाली, नोव्हेंबरमध्ये करमक्तेदारांना अटक झाली. ८ मे १७९४ रोजी एकाच दिवशी खटला चालून अठ्ठावीस जणांना गिलोटिनखाली देण्यात आले. त्यात लाव्हाझिए होते आणि त्यांचे सासरेही. लाव्हाझिए तेव्हा पन्नास वर्षांचे होते. नवरा आणि वडील एकाच दिवशी गमावलेल्या मारी-आनने पुढे त्यांचे शेवटचे निबंध छापून घेतले.

विचार करणाऱ्याच्या श्रमांचा प्रश्न अमेरिकेत सुटला. बोस्टनमधील पोषण प्रयोगशाळेचे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९३० मध्ये लोकांना अवघड तोंडी गणिते करायला लावून त्यांचा प्राणवायू मोजला. वाढ तीन-चार टक्क्यांची निघाली. तासभराच्या कठोर बौद्धिक श्रमाला लागणारी जादा ऊर्जा अर्ध्या भुईमुगाच्या दाण्यातून मिळते, असे त्यांचे उत्तर होते. दिवसभर डोके चालवून येणारा थकवा खराच असतो, पण तो कॅलरींत मोजता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीत कामाच्या या पायऱ्या स्पष्ट दिसतात. ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज २११० कॅलरी. मध्यम कष्टाचे काम असेल तर २७१०. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६० आणि २१३०. पहिल्या आकड्यात कचेरीतली खुर्ची, प्रवासातली सीट आणि संध्याकाळचा टीव्ही हे सगळे धरलेले आहे. घरातले केर-फरशी, पाणी भरणे, जिने चढणे यांत शरीर हलते, त्यामुळे ती कामे बैठ्या कामांहून वेगळी मोजावीत. आणि ऊसतोड, हमाली अशा अवजड कामासाठी याच शिफारशीत पुरुषाला ३४७० आणि स्त्रीला २७२० कॅलरी धरल्या आहेत. खुर्चीत बसणाऱ्या पुरुषापेक्षा हमालाला रोज १३६० कॅलरींचे अन्न जास्त लागते, आणि ते त्याला मजुरीतूनच विकत घ्यावे लागते.