मोटार आणि मालकी : वालचंद हिराचंद यांचे जीवनकार्य

मोटार हा आपल्या महाविद्यालयातील गप्पांचा न संपणारा विषय आहे. तास सुटला की वाहने उभी करण्याच्या जागेपाशी घोळका जमतो. कोणती गाडी लिटरला किती जाते, कोणत्या गाडीचे सुटे भाग स्वस्त मिळतात, जुनी घेऊन दुरुस्त करावी की कर्ज काढून नवी घ्यावी, आणि आता विजेची गाडी आल्यावर पेट्रोलच्या गाडीचे काय होणार, असे मुद्दे निघतात. प्राध्यापकांच्या खोलीतही याहून वेगळे काही चालत नाही. मी या गप्पा आवडीने ऐकतो आणि संधी मिळाली तर दोन शब्द घालतोही. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मोटार विकत घेऊन आपण तिचे मालक होतो हे खरे. पण ती घडविण्याच्या विद्येचा मालक कोण? हा प्रश्न ज्यांनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वी विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्या वालचंद हिराचंद यांच्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे दोशी आडनावाचे, गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेले जैन व्यापारी घराणे. वडील हिराचंद यांची कापसाची आणि सावकारीची पेढी होती. मुलाने मॅट्रिक झाल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिक्षण घेतले, पण पदवी मिळविली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करणे हाच त्यांच्यापुढचा सरळ मार्ग होता. तो त्यांना मानवला नाही. दुसऱ्याने काढलेल्या उद्योगाला पैसा पुरविण्यापेक्षा स्वतः काही उभे करावे, ही ओढ त्यांच्या स्वभावातच होती असे त्यांचे पुढील चरित्र पाहता वाटते.

सुरुवात लहानशा कामाने झाली. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे रेल्वेतील एक माजी कारकून त्यांना भेटले. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि हिंमत. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. एक मराठी ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असेल. पण ती टिकली आणि फळली. पुढे बांधकामाचा व्याप वाढत गेला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसाच्या नळमार्गाचे काम, अशी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांकडे आली. खडक फोडणे, वेळेत काम पुरे करणे, हजारो मजुरांची व्यवस्था ठेवणे हे शिक्षण त्यांना कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते.

पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांच्या जीवनाला वेगळे वळण लागले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक बोट विक्रीला होती. युद्धकाळात तिचा उपयोग रुग्णालयासाठी झाला होता. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साहाय्याने ती घेतली आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीच्या नावात आजही ग्वाल्हेरची आठवण राहिली आहे. लॉयल्टी नावाची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्रावर त्या वेळी ब्रिटिश कंपन्यांचे राज्य होते. त्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडला. अखेर १९२३ साली सिंदियाला एक करार पत्करावा लागला आणि त्यात तिच्या वाढीवर मर्यादा आल्या. येथे वालचंदांना जे कळले ते पुढे मोटारीच्या बाबतीत उपयोगी पडले. एखादा धंदा चालविण्याची परवानगी मिळणे आणि तो वाढविण्याचे स्वातंत्र्य मिळणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

आता मोटारीकडे वळू. आपल्या देशात मोटारी पुष्कळ आधीपासून धावत होत्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला आणि त्यानंतर थोड्याच काळात फोर्डही या देशात गाड्या जुळवू लागली. परदेशातून खोक्यांत भरून सुटे भाग यायचे, येथील कामगार ते नटबोल्टांनी एकत्र जोडायचे आणि गाडी दुकानात जायची. कामगारांना मजुरी मिळे, सरकारला जकात मिळे, ग्राहकाला गाडी मिळे. पण इंजिनाचा ठोकळा कसा ओतावा, क्रँकशाफ्टला पाणी कसे द्यावे, गियरचे दाते कसे कापावेत, हे ज्ञान त्या खोक्यांतून येत नसे. ते डेट्रॉइटलाच राहत असे.

ही उणीव ज्यांना सर्वांत आधी बोचली त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे. या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविणारे म्हणून मराठी वाचकांनाही ते परके नाहीत. १९३५ साली त्यांनी युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहिले आणि परत आल्यावर हिंदुस्थानात मोटारी तयार करण्याची तपशीलवार योजना मांडली. म्हैसूरच्या या वयोवृद्ध दिवाणांची कागदावरची योजना प्रत्यक्षात आणण्याचे काम सोलापूरच्या या उद्योजकाने अंगावर घेतले. भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही जोडी विशेष जवळची वाटावी.

योजनेच्या वाटेत अडथळे किती आले, ते पाहिले की मन थक्क होते. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखविली, तर १९३९ साली महायुद्ध सुरू होऊन ते मंत्रिमंडळच गेले. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. शेवटी क्रायस्लर कंपनी सहकार्याला तयार झाली, तेव्हा दिल्लीच्या सरकारने मोटार कारखाना युद्धकार्याला आवश्यक नसल्याचे कारण देऊन हात आखडला. म्हैसूर संस्थान भागीदार होण्यास राजी होते, पण त्यालाही वरून संमती मिळाली नाही. सैन्याला हजारो ट्रक हवे असताना ट्रक बनविणारा कारखाना युद्धाच्या उपयोगाचा नाही, हा युक्तिवाद आज वाचताना हसू येते. त्या वेळी मात्र त्याने पाच-सहा वर्षे गिळली.

याच खटपटीतून एक अनपेक्षित फळ निघाले. १९३९ साली मोटारीच्या बोलण्यांसाठी वालचंद अमेरिकेत गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी पडली. मोटारीचा विचार डोक्यात घेऊन निघालेला हा गृहस्थ विमानाच्या कारखान्याचा विचार घेऊन उतरला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि पंचवीस लाख रुपयांचे भांडवल घातले. १९४२ साली हिंदुस्थान सरकारने वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली आणि १९४८ साली तेथे बांधलेले जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे तोही कारखाना सरकारकडे गेला. म्हणजे विमान आणि जहाज या दोन्हींचा पाया घालून दोन्ही त्यांच्या हातून गेली. मोटार मात्र राहिली.

१९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र होत असतानाच, तेथून डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी तेथेही जुळवणीच होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकेक भाग येथे तयार करीत जाण्याचा कार्यक्रम आखलेला होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्या कंपन्यांपाशी असा कार्यक्रम नाही त्यांनी आपला गाशा गुंडाळावा. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील काम बंद केले. वालचंदांचा आग्रह देशाचे धोरण बनला. पण तो दिवस पाहण्यास ते नव्हते किंवा असले तरी अंथरुणावर होते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते कामकाजातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. कारभार बंधूंनी पुढे चालविला. फियाटशी करार झाला आणि त्यातून जी छोटी गाडी आली तिचीच पुढची पिढी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली.

पद्मिनीविषयी माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. हँडलाजवळचा गियर, थंडीत ओढावा लागणारा चोक, दर काही महिन्यांनी घासावे लागणारे पॉइंट आणि साफ करावा लागणारा कार्ब्युरेटर. गाडीचे झाकण उघडले की आतले सारे दिसे आणि कळे. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा पाना-पकड घेऊन तिला चालती करी. गाडीची मालकी म्हणजे तिच्या दुरुस्तीचीही थोडीफार मालकी, असा तो काळ होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही गाडी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली.

येथे एक कडू गोष्ट टाळून चालणार नाही. संरक्षण मिळालेला उद्योग सुस्तावतो. परवान्यांच्या राज्यात मोजक्याच कंपन्या उरल्या. गाडीची नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत बसे आणि एकदा बांधलेला साचा दशकेच्या दशके बदलत नसे. नवी स्पर्धा आली तेव्हा पद्मिनी टिकली नाही आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मग वालचंदांचा हट्ट फुकट गेला का? माझ्या मते नाही. त्यांनी मागितले होते ते उभे राहण्यापुरते संरक्षण. धावायला शिकण्याची जबाबदारी त्यांच्यामागून आलेल्यांची होती, आणि ती मालकांइतकीच धोरण ठरविणाऱ्यांचीही होती. शिवाय हिशेब एका कंपनीचा करून भागत नाही. मोटारीचे भाग येथेच बनले पाहिजेत या धोरणामुळे पुण्यापासून कोल्हापूर-बेळगावपर्यंत ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने वाढण्यास मोठा हातभार लागला. उद्यमबागेत भट्टीपाशी उभा असलेला कामगार आज जे भाग ओततो, ते दूर कोठल्या तरी गाडीत बसतात. खोक्यांतून न आलेली विद्या ती हीच.

वालचंदांचे दोष सांगणारेही आहेत. ते एकाच वेळी अनेक उद्योग अंगावर घेत, आणि देशहित व स्वतःचा नफा यांची सीमारेषा त्यांच्या बोलण्यात पुसट होत असे. हे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. ते संत नव्हते, व्यापारी होते. पण केवळ नफाच हवा होता, तर परदेशी गाड्यांची एजन्सी घेऊन तो कमी कष्टांत मिळाला असता. त्यांनी कष्टाची वाट घेतली, आणि आपण त्यांचे मूल्यमापन करायचे ते या निवडीवरून.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ सालापासून वालचंदांचे नाव आहे. आपल्यापैकी कित्येकांची भावंडे तेथे शिकतात. विजेच्या गाड्यांविषयी बोलताना त्यांना आणि तुम्हाला एक विचारावेसे वाटते. या गाडीत कार्ब्युरेटर नाही, क्लच नाही, तेल बदलणे नाही. देखभाल सोपी झाली म्हणून आपण आनंदित आहोत. पण तिचा जीव ज्या बॅटरीत आहे तिचे सेल अजून मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतात आणि येथे ते डब्यात जुळविले जातात. तिचा मेंदू ज्या संगणकप्रणालीवर चालतो ती उघडून पाहण्याची मुभा मालकालाही नसते, गावच्या मिस्त्रीला तर नाहीच. खोकी बदलली आहेत, इतकेच. १९३५ साली विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो आज नव्या रूपात तुमच्या पिढीपुढे उभा आहे. पुढच्या वेळी वाहनांपाशी घोळका जमला आणि कोणती गाडी घ्यावी यावर वाद रंगला, की त्या गाडीत आपण घडविलेले काय आहे, हेही एकदा कोणीतरी विचारावे. उत्तर शोधायला रसायनशास्त्र, धातुशास्त्र आणि विद्युतशास्त्र यांचे वर्ग आपल्याकडे भरतच आहेत.